बाथरूमची व्हिनाइल टाइल उखडली? चिकटवण्याआधी खाली बघा

जुन्या फरशीवर व्हिनाइलच्या टाइल्स चिकटवल्या की बाथरूम एका दुपारीत नवं दिसतं. तोडफोड नाही, मलबा नाही. भाड्याच्या घरात तर हा उपाय सगळ्यांनाच सोयीचा. मग कधीतरी नहाणीजवळचा कोपरा वर येतो आणि घरातलं कोणीतरी गोंदाची ट्यूब घेऊन बसतं.

जरा थांबा. व्हिनाइलमधून पाणी जात नाही हे खरं, पण दोन टाइल्सच्या सांध्यातून जातं. एकदा खाली शिरलं की तिथंच अडकतं, कारण वर सुकायला वाट नसते. आपलं बाथरूम तर दिवसभर ओलं: अंघोळी, कपडे, पाच वेळची वजू.

म्हणून आधी एक टाइल पूर्ण काढा. वर गरम पाण्याची पिशवी ठेवली की गोंद मऊ पडतो (ओल्या जमिनीवर हेअर ड्रायर नको). खालची फरशी कोरडी आणि टणक असेल तर काम सोपं. जुना गोंद खरवडा, जागा नीट सुकू द्या, व्हिनाइलचाच गोंद लावून रात्रभर वजन ठेवा. एकच बाथरूम असलेल्या घरात हे सुकवणंच सगळ्यात अवघड, ते वेगळं!

पण खाली काळं पडलंय, फरशी ठोकल्यावर पोकळ वाजतेय किंवा खालच्या घराच्या छताला ओल आलीय, तर टाइल चिकटवणं म्हणजे गळती झाकणं. तेव्हा सगळं काढायचं. मिस्त्रीकडून नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा भरून घ्या, नहाणीकडे उतार काढून घ्या आणि भिंतीवर फूटभर चढेल असं वॉटरप्रूफिंग करून घ्या. मग नहाणीला बूच मारून २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांकडे जाऊन छत बघा. मिस्त्री घाई करील, ऐकू नका. नवी टाइल यानंतरच, आणि तीही खरखरीत, अँटी-स्किड. घरात दादी-नानी असतील तर चकचकीत टाइल फुकट मिळाली तरी नको.

ब्रिटन-अमेरिकेत जुन्या घरात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांनी मात्र यातलं काहीच करू नये. तिथं १९८० च्या आधीच्या व्हिनाइल टाइल्समध्ये आणि त्यांच्या काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. टाइल शाबूत असेल तर सहसा धोका नसतो. तोडताना, घासताना उडणारे तंतू फुफ्फुसात जातात. आधी तज्ज्ञाकडून नमुना तपासून घ्यावा, तोवर खरवडू नये.