मालिकांतील काळ आणि खरा काळ

डहाणू व तलासरी या तालुक्यांना लागूनच गुजरातेंतील उंबरगांव आहे. १९८७-८८ सालीं ज्या ‘रामायण’ मालिकेनें घरोघरच्या मंडळींना दूरचित्रवाणीपुढें खिळवून ठेवलें, तिचें चित्रण तेथेंच झालें. पुढें ‘महाभारत’ (२०१३) आणि ‘पोरस’ (२०१७) यांचे देखावेही तेथेंच उभे राहिले. तेव्हां पडद्यावरील प्राचीन भारत हा पुष्कळदां आपल्या शेजारचाच किनारा असतो!

पण या किनाऱ्याचें आजचें रूप प्राचीन नव्हे. घोलवडचा चिकू मूळचा अमेरिकेंतला. सुरूचीं झाडें इंग्रजी अमदानींत लावलेलीं. मिरची, बटाटा, मका, पेरू, पपई हींही १४९८ नंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलीं. म्हणून यादवकालीन मुदपाकखान्यांत लाल मिरच्यांची माळ दिसली, तर सुज्ञ गृहिणीनें हसून सोडून द्यावें. त्या काळीं तिखटपणा मिऱ्यांचा असे.

भाषेची चूक याहून सूक्ष्म. शिवकालीन पात्रें संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. परंतु त्या वेळच्या पत्रांत फारसी शब्दांची रेलचेल आहे. ती तशी नसती, तर महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घेण्याचें कारणच काय होतें?

वस्तूंच्या व शब्दांच्या या चुका आम्ही क्षम्य मानतों. विचारांची चूक मात्र क्षम्य नव्हे. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्यें वयाच्या अकराव्या वर्षीं झाला. ‘उंच माझा झोका’ (२०१२) या मालिकेनें ती बालवधू बालिकाच दाखविली, हें तिला भूषणावह आहे. उलट, १७७२ सालीं थेऊरला सती गेलेल्या रमाबाई पेशव्यांची कथा केवळ प्रेमकथा म्हणून रंगविली, तर रूढीचा निष्ठुरपणा झांकला जातो, आणि आपल्या मुली त्यालाच वैभव समजूं लागतात.

हाच धोका या मुलुखाच्या इतिहासालाही आहे. उद्यां कोणी १९४५ च्या वारली उठावावर मालिका काढील. त्या सालीं झरीच्या सभेनंतर वारल्यांनीं वेठबिगार नाकारली. पुण्याच्या गोखले कुटुंबांत जन्मलेल्या गोदावरी परुळेकर त्यांच्यांत जाऊन राहिल्या. त्या मालिकेंत जमीनदाराच्या दिवाणखान्यांत चौकटींतलें वारली चित्र टांगलें, तर ती ढोबळ चूक ठरेल. कारण लग्नघरीं सवाशिणींनीं भिंतीवर रेखावयाची ही कला कागदावर आली ती १९७० नंतर, मुख्यतः गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातून. पण जमीनदाराला प्रेमळ पालक आणि वेठीला स्वामिनिष्ठा म्हणून दाखविलें, तर ती चूक न राहतां अन्याय होईल.

मालिका अवश्य पाहाव्या. मात्र ती संपल्यावर घरांतील वडील माणसांनीं मुलांना एवढेंच विचारावें, “यांतलें त्या काळचें काय, आणि आपल्या काळचें काय?” उत्तरासाठीं मुलानें कपाटांतलें पुस्तक काढलें, म्हणजे ती घटका सार्थकीं लागली असें समजावें.