मशीन भंगारात देण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की घरोघरी आवराआवर सुरू होते. भंगारवाला दारावर येतो आणि पडवीत पडलेलं कपडे धुण्याचं जुनं मशीन वजनावर जातं. आमचंही जाणार होतं. भंगारवाल्याने काटा काढला, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब वं, पोरी. हे घरात आलं त्या दिवशी मी पहिल्यांदा दुपारी आडवी झाली होती." मी मशीन परत आत घेतलं. आजचं बोलणं त्यावरच आहे.

मशीन यायच्या आधी धुणं कसं होतं, ते आठवा. रोवणीच्या दिवसांत चिखलाने जड झालेली लुगडी डोक्यावर घेऊन बोडीवर किंवा नदीवर जायचं. दगडावर आपटायचं, धोपाटण्याने बडवायचं, दोघींनी दोन टोकं धरून पिळायचं. साबण महाग, म्हणून चुलीतली राख पाण्यात कालवून वरचं निवळ पाणी घ्यायचं. लाकडाच्या राखेत खार असतो, तो तेलकट मळ सोडवतो. रिठ्याला फेस येतो, म्हणून तो नाजूक कापडाला. १९६९ मध्ये गुजरातमध्ये निरमा पावडर निघाली आणि पुढच्या काही वर्षांत स्वस्त पावडर खेड्यातल्या दुकानात दिसू लागली.

ज्यांच्या हातावर सगळ्या गावाचं धुणं होतं, त्या परीट-वरठी घरांनाही विसरू नका. बलुत्याच्या पद्धतीत त्यांना सुगीला धान्य मिळायचं, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. आपले गाडगेबाबा अशाच परीट घरात, १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले. आणि पाळीची फडकी? ती लपून धुवायची, लपूनच वाळवायची. ऊन न लागल्याने ती नीट वाळायची नाहीत आणि त्यातून आजार व्हायचे. या धुण्याची आठवण कुणी जपून ठेवलेली नाही.

आता मशीनकडे येऊ. आपल्या भागातल्या घरांत बहुतेक दोन टपांचं मशीन असतं. एका टपाच्या तळाशी चकती असते. खालची मोटर पट्ट्याने ती फिरवते. टायमर तिला थोडा वेळ एका बाजूला फिरवतो, थांबवतो, मग उलट फिरवतो. त्यामुळे पाणी कापडातून आरपार जातं आणि कपड्यांचा पीळ बसत नाही. धोपाटण्याचं काम असं पाणीच करतं. दुसऱ्या टपात भोकांचं पिंप असतं. ते जोरात फिरलं की गोफणीतल्या दगडासारखं पाणी बाहेर फेकलं जातं. झाकण उघडलं की ब्रेक लागतो. जुन्या मशीनचा ब्रेक झिजलेला असतो, म्हणून पिंप पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नका.

एक गोष्ट मात्र मशीनने केली नाही. नळ नसलेल्या घरात पाणी आणायचं काम बाईकडेच राहिलं. बडवणं, पिळणं गेलं, पण डोक्यावरचा गुंड काही उतरला नाही. मशीन म्हणजे आराम, असं म्हणण्याआधी त्यात पाणी कोण भरत होतं, ते विचारायला हवं.

परदेशातही याच वाटेने लोक गेले. विजेच्या आधी तिकडे हाताने फिरवायची लाकडी यंत्रं होती. दोन रुळांमध्ये कापड घालून दांडी फिरवली की पाणी निघायचं. १९०८ च्या सुमारास शिकागोच्या एका कंपनीने विजेचं मशीन बाजारात आणलं. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात ली मॅक्सवेल नावाच्या निवृत्त प्राध्यापकांनी हजारांहून जास्त जुनी धुलाईयंत्रं जमवली, दुरुस्त केली आणि लोकांना पाहायला ठेवली.

आपल्याकडेही अशी माणसं झाली. पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून घरातल्या रोजच्या वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, भांडी, फण्या, वज्र्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणी वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय केलं आणि १९७५ मध्ये ते सरकारला देऊन टाकलं. आज तिथे हजारो वस्तू आहेत. लोकांना ज्या टाकाऊ वाटत होत्या, त्याच.

आपल्या गटाला पुण्याएवढी इमारत लागत नाही. ग्रामपंचायतीची किंवा शाळेची एक कोरडी खोली पुरे. एक जुनं मशीन, एक धोपाटणं, एक धुण्याचा दगड, एक नीळ घालायचं घमेलं, एवढ्याने सुरुवात होते. वस्तू आणण्याआधी घरच्या बाईची परवानगी घ्या आणि वस्तू भेट दिली की ठेवायला दिली, ते वहीत लिहा.

वस्तूपेक्षा तिची हकिकत मोठी. म्हणून प्रत्येक वस्तूसोबत हे विचारून लिहून ठेवा. ती कोणत्या वर्षी आली? पैसे कशाचे होते, धानाचे, तेंदूपानाचे की गटाच्या कर्जाचे? घ्यायचं कुणी ठरवलं? पहिल्यांदा कुणी चालवली? त्याआधी धुणं कुठे आणि किती वेळ चालायचं? वाचलेल्या वेळात त्या बाईने काय केलं? आज्जीबाईंचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. माडिया, गोंडी बोलणारी आजी असेल तर तिच्या बोलीतच बोलू द्या. दगडाला, धोपाटण्याला, पिळण्याला तिचा शब्द काय, तोही लिहा. मशीनच्या मागे पत्र्याची किंवा कागदाची पाटी असते. तिच्यावर मॉडेल, किलो आणि व्होल्ट लिहिलेले असतात. तिचा फोटो काढा. बिल, माहितीपुस्तिका सापडली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

ठेवताना काळजी घ्या. नळीतलं पाणी काढून टप कोरडा पुसा. उन्हात ठेवू नका, प्लॅस्टिक तडकतं. खालची बाजू उघडी असते, तिथून उंदीर शिरून वायर कुरतडतात, म्हणून जाळी लावा. चालू करून दाखवायचा मोह झाला तरी वायरमनने अर्थिंग तपासल्याशिवाय प्लग लावू नका. ओल्या जमिनीवर उघड्या पायाने तर मुळीच नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज राहू शकते, म्हणून स्वतः खोलू नका.

सगळीच मशीन ठेवता येणार नाहीत. जी द्यायची ती अधिकृत ई-कचरा केंद्राकडे जाईल असं बघा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत कपडे धुण्याचं मशीनही ई-कचऱ्यात धरलं आहे. तांब्यासाठी वायर जाळू देऊ नका. तो धूर पोरांच्या छातीत जातो.

आमचं मशीन आता गटाच्या खोलीत आहे. त्यावर सासूबाईंचं तेच वाक्य पुठ्ठ्यावर लिहून लावलं आहे. परवा गटातल्या एका मावशींनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "मी तर अजून दुपारी आडवी झाली नाही." त्या दिवशी आमची बैठक तासभर लांबली. घरात पाणी कोण भरतं, यावर आम्ही पहिल्यांदा मोकळेपणी बोललो.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीला प्रत्येकीने धुण्याची एक जुनी वस्तू आणा. वस्तू नसेल तर आठवण आणा.