तारा फुटला तेव्हा किती वाजले होते?

सुपरनोव्हा १९८७ए ची अधिकृत कथा सगळ्यांना ठाऊक आहे. १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरचा तारा फुटला, २३ फेब्रुवारी १९८७ रोजी त्यातून निघालेले न्यूट्रिनो हे कण जपानच्या कामिओका खाणीतल्या पाण्याच्या टाकीने टिपले आणि त्या प्रयोगाचे प्रमुख मासातोशी कोशिबा यांना २००२ मध्ये नोबेल मिळाले. न्यूट्रिनो आले तेव्हा कोशिबा महिन्याभरात निवृत्त होणार होते. नशीब पेन्शनीच्या उंबरठ्यावरही गाठते ते असे. समारंभात मात्र टाकीच्या घड्याळाचा विषय कोणी काढत नाही.

ते घड्याळ हाताने लावलेले होते, मिनिटभर पुढे किंवा मागे. टाकी मुळात प्रोटॉनच्या ऱ्हासाची वाट पाहण्यासाठी बांधलेली. तिथे मिनिटाची पर्वा कोणाला? डेटाच्या फिती टोकियोला पोहोचून त्यांत ११ न्यूट्रिनो सापडले. आता घड्याळ प्रमाणवेळेशी ताडून पाहिले की झाले! पण त्याआधीच, २५ तारखेला, खाणीतली वीज गेली होती आणि ताडून पाहण्याची सोय उरली नव्हती. (लाइट जपानमध्येही जातात, बरं का.) ते मिनिट बुडाले ते बुडालेच.

अमेरिकेत ओहायोच्या मिठाच्या खाणीतल्या अशाच टाकीचा उलटा प्रकार. घड्याळ चोख, पण वीजपुरवठ्याचा एक संच बिघडल्याने टाकीतले पाव हिस्सा प्रकाशग्राहक बंद. तरी ८ न्यूट्रिनो सापडले. ज्याच्याकडे वेळ होती त्याचे डोळे अधू, आणि ज्याचे डोळे शाबूत त्याला वेळ ठाऊक नाही.

वेळेचा एवढा घोर कशाला? वस्तुमान असलेला न्यूट्रिनो प्रकाशाहून किंचित रेंगाळतो. ३३ हजार प्रकाशवर्षांवरून निघालेला, १ इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाचा आणि १ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रिनो जेमतेम ५ मिलिसेकंद उशिरा येईल. हा उशीर मोजायचा तर निघाल्याची वेळ हवी. ती सांगू शकते गुरुत्वीय लहर: ताऱ्याचा गाभा कोसळून उसळी घेतो तेव्हाच ती सुटते आणि प्रकाशाच्याच वेगाने येते.

मग १९८७ मध्ये ती कोणी पकडली? खरी गंमत इथेच. लहर आली की थरथरणारे धातूचे दांडे तेव्हा होते, पण त्यांतले अतिशीत तापमानाला चालणारे संवेदनशील दांडे नेमके त्या वेळी एकजात बंद. चालू होते ते साध्या तापमानाचे दोन: एक रोमचा, दुसरा मेरीलँडचे जोसेफ वेबर यांचा. वेबर १९६९ पासून ‘लहर सापडली’ म्हणत होते, आणि दुसऱ्या कोणालाच ती न सापडल्याने बाजूला पडले होते. याही वेळी दोन्ही दांडे हलले म्हणे. पण जुळले ते माँ ब्लाँ बोगद्यातल्या यंत्राच्या ५ न्यूट्रिनोंशी, जे कामिओकातल्या न्यूट्रिनोंच्या साडेचार तासांहून अधिक आधी आले होते! एकाच ताऱ्याने दोनदा मरावे, हे बहुतेकांना पटले नाही.

हाती उरले, सोव्हिएत संघातल्या बाक्सानच्या यंत्राचे ५ धरून, २४ न्यूट्रिनो. त्यांच्या जोरावर वस्तुमान ‘फार तर ६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास’ एवढेच म्हणता आले. जर्मनीतल्या काट्रिन प्रयोगाने घरबसल्या ती मर्यादा ०.४५ वर आणली. घरबसल्या म्हणजे कसे, तर त्याची २०० टनांची टाकी रस्त्याने नेता येईना, म्हणून सुमारे ४०० किलोमीटरच्या अंतरासाठी २००६ मध्ये ती डॅन्यूब, काळा समुद्र, भूमध्य आणि अटलांटिक असा जवळपास ९ हजार किलोमीटरचा वळसा घेऊन आली.

आता लहर आणि न्यूट्रिनो दोन्ही एकत्र पकडायचे, तर पुढचा स्फोट आपल्याच आकाशगंगेत व्हायला हवा. तिथला, नुसत्या डोळ्यांना दिसलेला शेवटचा सुपरनोव्हा १६०४ चा. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाला २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर झाले आहेत. तिथले यंत्र सुरू होईपर्यंत ताऱ्यांनी कृपया दम धरावा.