तार कुठे थांबते?

‘खेड्यात ब्रॉडबँड पोचले’ या वाक्याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. २०११ साली केंद्र सरकारने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती काचतंतूच्या तारेने जोडण्याची योजना मंजूर केली. २०१५ मध्ये तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. केसासारख्या बारीक काचतंतूतून प्रकाशाच्या रूपाने संदेश धावतो. मूळ आराखड्यात तालुक्याहून निघालेली ही तार ग्रामपंचायतीच्या कचेरीत थांबते. तिथून घरापर्यंतची जोडणी वेगळी आणि तिचे पैसेही वेगळे.

कचेरी गावात असते. आमची वस्ती गावाबाहेर. २०२० च्या टाळेबंदीत मी मोबाईलवर शिकवीत होतो. हजेरीतून आधी गळाली ती वस्तीतली मुले. घराण्यातला पहिला पदवीधर मी; ती गळती कुठे नेते हे मला ठाऊक आहे.

१९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर आपल्याला खुले झाले. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला मात्र २० मार्च १९२७ उजाडावा लागला. ग्रामसभेत आपण एवढेच विचारू : ही तार वस्तीतल्या समाजमंदिरापर्यंत केव्हा येणार?