अंगावर काढू नका

नांदेड असो की लातूर, घरात एकाला खोकला झाला की एकच औषध सगळ्यांना चालवायची आपली सवय. मी कवितेचा माणूस, डॉक्टर नव्हे. तरी समजून घेतलेली एक गोष्ट सांगतो.

मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा न्यूमोनिया शाळकरी मुलांत आणि तरुणांत अधिक. शिकवणीसाठी लातुरात दाटीवाटीने राहणारी मुले त्याला आयतीच सापडतात. पाच वर्षांखालच्या लेकराला सर्दी, घरघर, उलट्या, जुलाब होतात. थोड्या मोठ्या मुलांना ताप, रेंगाळणारा खोकला. कधी अंगावर पुरळ, तोंडात फोड. मोठी माणसे दुखणे अंगावर काढतात. ते बळावले, त्यात वय झालेले किंवा दमा असला, तर श्वासच पुरत नाही.

पेनिसिलीन जंतूची पेशीभित्तिका बांधू देत नाही. या जंतूला ती मुळात नसतेच, म्हणून ते इथे निकामी. अझिथ्रोमायसिन दोघांनाही देतात; डॉक्सिसायक्लीन मोठ्यांना चालते, आठ वर्षांखालच्यांना सहसा टाळतात. तेव्हा आजोबांच्या उरलेल्या गोळ्या नातवाला देऊ नका. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडत असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.