लंडनला पायदळ, अमरावतीत ऑटो

मुलगा किंवा मुलगी लंडनला असली की वऱ्हाडातले आई-बाबा निवृत्तीनंतर एकदा तरी तिकडे महिना-दोन महिने राहून येतात. परतल्यावर थेम्स नदी आणि राजाचा राजवाडा दोन वाक्यांत उरकतो, आणि मग विषय बसवर येतो. “तिथं सगळं पायदळ बाप्पा! अन् गुडघेही कुरकुरले नाहीत.” श्रेय थंड हवेला दिले जाते. थोडे खरेही आहे ते, पण सगळे नाही.

लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. कार्ड यंत्राला टेकवायचे आणि बसायचे. पुढच्या थांब्याचे नाव बसच बोलून सांगते. थांब्यावर बसची दाराकडची बाजू खाली झुकते, त्यामुळे साडी सावरत चढणाऱ्या आजीला पायरीची धास्ती राहत नाही. शहरातल्या बहुतेक घरांपासून बसथांबा ४०० मीटरच्या आत आहे. घर ते थांबा, थांबा ते दुकान, भुयारी रेल्वेचे जिने असे करत दिवसात तासभर चालणे सहज होते आणि व्यायाम केल्यासारखे वाटतही नाही. पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवला की मोटार थांबते. पहिले चार दिवस आपली माणसे त्या मोटारवाल्यालाच ‘जा, जा’ म्हणून हात करतात.

याच बसने वैद्यकशास्त्राला एक मोठा धडा दिला आहे. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरील चालक आणि वाहकांची तुलना ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. दोघे एकाच गाडीत, जवळपास सारख्या पगारावर काम करणारे. चालक दिवसभर बसून, तर वाहक तिकिटे फाडत रोज पाचशे-सातशे पायऱ्या चढणारा. हृदयविकार वाहकांत कमी निघाला, आणि झाला तरी सौम्य. शंका आलीच, की मुळात जाड माणसेच चालक होत असतील. मॉरिस यांनी गणवेशांची मापे काढली. चालकांच्या कमरेचा घेर खरोखर जास्त होता! म्हणजे शंका अगदीच पोकळ नव्हती. तरीही टपाल वाटणारे आणि खुर्चीत बसणारे कर्मचारी यांची तुलना केली, तेव्हाही कौल तसाच आला. स्वतः मॉरिस ९९ वर्षे जगले.

चालताना मांडीचे व पोटरीचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरची दहा मिनिटांची शतपावली मधुमेहींना उपयोगी पडते. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. रोज दहा हजार पावलांचा हट्ट मात्र नको. तो आकडा १९६० च्या दशकातल्या एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून आला आहे. सरासरी ७२ वर्षांच्या अमेरिकी स्त्रियांच्या २०१९ मधील अभ्यासात २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्के कमी दिसले. साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही.

मग अमरावतीत परतल्यावर तीच आजी राजकमल ते जयस्तंभ चौक एवढ्याशा अंतरालाही ऑटोला हात का करते? आळस हे उत्तर सोपे आहे, पण अन्यायाचे. पदपथ असलाच तर त्यावर दुचाक्या उभ्या. नसला तर उलट्या दिशेने येणारी गाडी चुकवत चालायचे. साठीनंतरचे एक पडणे म्हणजे खुब्याचे हाड आणि सहा महिने अंथरूण, हे तिला ठाऊक असते. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण सुमारे १०५ तासांत होऊन गिनीजमध्ये नोंद झाली. गाड्यांसाठी एवढे जमते, तर चौकापर्यंत चालण्यापुरती सलग फरशीही जमायला हवी.

आणि ऊन. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांवर गेल्याने अकोला जिल्ह्यात जमावबंदीचे कलम लावावे लागले होते. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की शरीराला उष्णता टाकण्यासाठी घामाखेरीज मार्ग उरत नाही. लंडनचे वेळापत्रक इथे चालणारच नाही. वऱ्हाडात मार्च ते जूनमध्ये चालणे सकाळी आठच्या आत किंवा रात्री जेवणानंतर. अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या परिसरात पहाटे फिरणारी मंडळी हे केव्हाच शिकली आहेत. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात पाणी किती प्यावे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. मधुमेहींनी पायातले बूट घट्ट तर नाहीत ना हे पाहावे आणि घरी आल्यावर तळवे तपासावेत. चालताना छातीत दडपण आले, तर तिथेच थांबावे आणि त्याच दिवशी दाखवावे.

ऑटो सोडवत नसेल, तर तो घराच्या फाटकाशी न थांबवता एक चौक आधी थांबवता येतो.