करवंटीपासून सक्रियित कोळसा

नारळ फोडला की खोबरे स्वयंपाकघरात जाते आणि करवंटी बंबात किंवा उकिरड्यावर. कोकण, गोवा, केरळ, तामिळनाडू या नारळाच्या प्रदेशांत करवंट्यांचे ढीग साठतात. या टाकाऊ वस्तूपासून पाण्यातील रंग, दुर्गंध, क्लोरीन आणि अनेक सेंद्रिय प्रदूषके काढून घेणारा सक्रियित कोळसा तयार होतो.

कोळशामुळे द्रावणाचा रंग नाहीसा होतो, हे लोविट्स या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये रशियात दाखवून दिले. पहिल्या महायुद्धात १९१५ साली विषारी वायूचे हल्ले सुरू झाले, तेव्हा सैनिकांच्या मुखवट्यांतही कोळसाच भरण्यात आला. पुढे अमेरिकेत त्यासाठी फळांच्या कठीण बिया आणि कवचे लोकांकडून गोळा केली गेली.

मात्र चुलीतला कोळसा आणि सक्रियित कोळसा एक नव्हेत. प्रथम हवा अत्यंत कमी ठेवून करवंट्या भाजतात. त्यांच्या वजनाच्या साधारण पाव भाग कोळसा हाती लागतो. तो बंद भट्टीत सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यातून वाफ सोडतात. वाफ कार्बनला जणू कुरतडत आत शिरते व असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण होतात. अशा एक ग्रॅम कोळशाच्या आतील पृष्ठभाग सुमारे हजार चौरस मीटर भरतो. कबड्डीची सात मैदाने चिमटीत मावली म्हणायची! प्रदूषकांचे रेणू या पृष्ठभागाला चिकटून राहतात. यालाच पृष्ठशोषण म्हणतात.

उसाची चिपाडे, भुईमुगाची टरफले, पऱ्हाटी यांचाही असा उपयोग होतो. ती फॉस्फरिक आम्लात भिजवून ४०० ते ५०० अंशांवर तापवली, तरी काम भागते. इंधन वाचते खरे; परंतु कोळशातील आम्ल धुऊन काढावे लागते आणि ते आम्लयुक्त पाणी ओढ्यात सोडले, तर एक प्रदूषण घालवून दुसरे ओढवून घेतल्यासारखे होईल. स्वस्ताईच्या हिशेबात हा खर्चही धरला पाहिजे. भाताच्या तुसात सिलिका बरीच असल्याने राख अधिक उरते.

हा कोळसा पाण्यातील जंतू मारीत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइड यांवरही त्याचा फारसा प्रभाव पडत नाही. त्यामुळे गाळून स्वच्छ दिसणारे पाणीही पिण्यापूर्वी उकळून घ्यावे लागते. शिवाय छिद्रे भरून निकामी झालेला कोळसा दिसायला पूर्वीसारखाच काळा असतो; म्हणून गाळणीतील कोळसा ठरलेल्या मुदतीत बदलतात.